लिम्फोमाचे निदान, केमो आणि घोडबंदर रोडवरचा दवाखाना

आमच्या नऊ वर्षांच्या लॅब्रॅडोरच्या, म्हणजे बंड्याच्या, लिम्फोमाचे (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचे) निदान आणि पुढचे सगळे उपचार आम्ही घोडबंदर रोडवरच्या या दवाखान्यात केले. लसीकरण, नखे कापणे किंवा पोट बिघडणे अशा कामांसाठी ठाण्यात जागोजागी चांगले डॉक्टर आहेत आणि तेवढ्यासाठी इथवर येण्याची गरज नाही. कर्करोगाबाबत निर्णय घेण्याची वेळ आली असेल, तर मात्र इथली पहिली सविस्तर भेट तिच्या फीपेक्षा कितीतरी अधिक मोलाची आहे, असे माझे मत झाले आहे.

बंड्याच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी हाताला लागल्या, पण त्या दुखत नव्हत्या आणि तो नेहमीसारखा जेवत होता. आधी दुसऱ्या एका ठिकाणी सूज आहे असे सांगून लगेच स्टेरॉइड सुरू करण्याचा सल्ला मिळाला होता. इथल्या डॉक्टर मॅडमनी खांद्यापुढच्या आणि मागच्या गुडघ्यांच्या पाठीमागच्या गाठीही चाचपून पाहिल्या आणि कोणतीही गोळी देण्याआधी सुईने पेशी काढून तपासणीला पाठवल्या. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिले की लिम्फोमाच्या गाठी झपाट्याने बसतात, त्यामुळे निदान अवघड होते, आणि पुढे केमो द्यायचे ठरलेच तर रोगट पेशी औषधांना पूर्वीसारखी दाद देत नाहीत, हे त्यांनी तेव्हाच समजावून सांगितले.

अहवाल आल्यावर त्यांनी आम्हाला ओपीडी संपल्यानंतर घरच्या सगळ्यांसह बोलावले, आणि या दवाखान्याची खरी ओळख तिथे झाली. काहीच उपचार न केल्यास साधारण चार ते सहा आठवडे, केवळ प्रेडनिसोलोनवर एक-दोन महिने, आणि ‘चॉप’ नावाचा चार औषधांचा केमोचा कोर्स केल्यास बहुतेक कुत्र्यांमध्ये आजार दबतो, असे तीन मार्ग त्यांनी सारख्याच स्वरात मांडले. लिम्फोमा बी किंवा टी या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींपासून होतो आणि बंड्याचा बी-पेशींचा होता. टी-पेशींच्या मानाने तो उपचारांना बरा प्रतिसाद देतो आणि अशा कोर्सनंतर कुत्रा साधारण वर्षभर जगू शकतो, परंतु पूर्ण बरे होणे क्वचितच घडते, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. माणसाला केमो देताना आजार मुळापासून काढण्यासाठी जेवढे सोसायला लावतात तेवढे कुत्र्याला सोसायला लावत नाहीत, कारण इथे उद्देश चांगले दिवस वाढवण्याचा असतो. म्हणून औषधांच्या मात्राही त्या मानाने सौम्य असतात. हे सारे त्यांनी लेटरहेडवर मराठीत लिहून दिले, खर्चाच्या अंदाजासह, त्यामुळे आईलाही ते स्वतः वाचता आले. मात्रा शरीराच्या पृष्ठभागानुसार काढतात, त्यामुळे लॅब्रॅडोरचा खर्च पामेरियनपेक्षा बराच जास्त येतो. आमच्या बाबतीत तो एका नव्या स्कूटरच्या किमतीच्या आसपास गेला. “आज काही ठरवू नका, घरी बोला,” असे म्हणून त्यांनी आम्हाला परत पाठवले. केमो न करणाऱ्यांना निर्दयी ठरवणारे आणि करणाऱ्यांना वेड्यात काढणारे, अशा दोन्ही प्रकारच्या नातेवाइकांनी घर भरलेले असताना हे वाक्य आम्हाला फार उपयोगी पडले.

परळचे बैलघोडा हॉस्पिटल, त्याच परिसरातले 1886 पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय आणि महालक्ष्मीला 2024 मध्ये सुरू झालेले टाटा ट्रस्ट्सचे प्राण्यांचे रुग्णालय हे पर्याय त्यांनी स्वतःहून सुचवले होते. गाडीत बसताच लाळ गाळणाऱ्या कुत्र्याला कित्येक महिने ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून नेणे आम्हाला पटले नाही, म्हणून आम्ही इथेच राहिलो.

उपचारांतील काटेकोरपणाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. प्रत्येक डोसआधी रक्ततपासणी होत असे आणि पांढऱ्या पेशी कमी आढळल्यास डोस सरळ पुढे ढकलला जाई. कोर्समधले डॉक्सोरुबिसिन हृदयावर परिणाम करते, म्हणून ते सुरू करण्याआधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतला गेला. हे औषध आणि व्हिनक्रिस्टिन ही दोन्ही शिरेबाहेर झिरपल्यास आजूबाजूचे मांस जाळतात, म्हणून दर वेळी आधी सलाईन सोडून शीर नीट आहे याची खात्री केली जाई. सायक्लोफॉस्फामाइडने मूत्राशयाला सूज येऊन लघवीतून रक्त जाऊ शकते, म्हणून त्या दिवशी त्याला वारंवार खाली नेण्याची सूचना होती. आमच्या सोसायटीतील लिफ्टचे नियम पाहता घरच्यांसाठी सर्वांत अवघड उपचार हाच ठरला. वहिनी गरोदर असल्याचे कळताच मॅडमनी तिला डोसनंतरचे काही दिवस बंड्याच्या लघवी-शीपासून लांब राहायला आणि बाकीच्यांना साफसफाई करताना हातमोजे घालायला बजावले. बंड्याच्या मिशा गळल्या, पण अंगावरचे केस शाबूत राहिले. उलटीचे औषध आधीच दिले जात असल्याने जेवण सुटण्याचे प्रसंगही थोडेच आले.

प्रतीक्षागृहात रस्त्यावरचे कुत्रे घेऊन येणारी मंडळी नेहमी दिसत. त्या कुत्र्यांपैकी कित्येकांना संसर्गातून पसरणारा गुप्तांगाचा कर्करोग असतो आणि त्यावर आमच्याच बंड्याला मिळणारे व्हिनक्रिस्टिन आठवड्याला एकदा देतात. त्यांतले बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. त्यांच्याकडे पाहून मला हेवा वाटे, हे कबूल करतो.

उणिवा मात्र आहेत आणि त्या लहान नाहीत. पांढऱ्या पेशी घटलेल्या कुत्र्याला पार्व्हो या संसर्गजन्य आजाराची शंका असलेल्या पिल्लाशेजारी ताटकळत बसवणे कर्करोगावर उपचार करणाऱ्या जागेला शोभत नाही. आम्ही पुढे गाडीतच थांबून रिसेप्शनवरच्या ताईंना फोन करत असू. केमोनंतर ताप येणे ही तातडीची बाब असते, तरीही रात्री इथे कोणी नसते आणि अशा वेळी कुठे जावे हे आम्हाला विचारूनच कळले. ही माहिती पहिल्याच दिवशी कागदावर मिळायला हवी. इको बाहेरून करून आणावा लागतो. मेट्रोच्या कामामुळे संध्याकाळी पार्किंग मिळणे दुरापास्त होते.

कोर्स संपल्यावर काही महिन्यांनी गाठी परत आल्या. तोच कोर्स पुन्हा करणे किंवा लोमुस्टिन हे केमोचे दुसरे औषध देऊन पाहणे, असे दोन्ही पर्याय मॅडमनी सांगितले. लोमुस्टिनने यकृताला त्रास होऊ शकतो आणि दुसऱ्या खेपेला आजार सहसा कमी काळ दबून राहतो, हेही सांगितले. आम्ही नको म्हणालो. त्यावर त्यांनी एकदाही आग्रह केला नाही, लगेच प्रेडनिसोलोन लिहून दिले आणि बंड्या आपणहून जेवला का, दाराशी आला का, दिवस एकंदर बरा गेला का, याची रोज कॅलेंडरवर खूण करायला सांगितली, म्हणजे शेवटचा निर्णय एखाद्या वाईट रात्रीच्या भरात होणार नाही. वाईट खुणा सलग होऊ लागल्या तेव्हा त्या घरी आल्या, आधी गुंगीचे इंजेक्शन देऊन तो गाढ झोपल्यावरच दुसरे दिले, आणि त्या भेटीचे बिल नंतर पाठवले. घरी येण्याची ही सोय ठाणे शहरापुरती आणि दिवसाच उपलब्ध आहे.

इथे यायचे असल्यास संध्याकाळऐवजी सकाळची वेळ फोनवर ठरवून घ्यावी, आधीचे सर्व रक्ताचे अहवाल सोबत आणावेत आणि स्टेरॉइडची एखादी गोळी दिली गेली असल्यास ते तपासणीपूर्वीच डॉक्टरांना सांगावे.