कोथरूडचा बॅले समर कॅम्प: शिकवणं एक नंबर, फरशीचं काहीतरी करा

मे महिन्यात लेकीला घातलं होतं, शिकवणारे दोघंही आधी बॅले कंपनीत प्रोफेशनली नाचलेले आणि तो फरक लगेच कळतो हो. सुरुवातीचा अख्खा आठवडा नुसतं भिंतीच्या दांड्याला धरून प्लिए (गुडघे वाकवणं) आणि तांदू (पाय ताणून पुढे-बाजूला सरकवणं), आईबाबा कुरकुरले पण मॅडम हटल्या नाहीत. पाय बाहेर वळवायचा तो खुब्यातून, गुडघा पिळायचा नाही, हे स्वतः खाली बसून एकेकीचा गुडघा बघत सांगतात. पॉइंट शूज (बोटांच्या टोकावर उभं राहायचे कडक बूट) मागणाऱ्या नऊ वर्षांच्या पोरीला सरळ नाही म्हणाल्या, घोट्यात ताकद येऊदे, ११-१२ नंतर बघू. फी सणसणीत आहे आणि तरी उड्या मारायला खाली टणक फरशी, लाकडी फ्लोअर टाका की राव! पार्किंगचं तर विचारूच नका.