बेळगावच्या आसपासचे सायकल टुरिंगचे रस्ते: एक पावसाळा, एक थंडी आणि उन्हाळा वापरून

बेळगावातून सायकलनं लांब कुठं जावं असं कुणालाही विचारा, गोव्याकडं उतरणाऱ्या चोर्ला घाटाचं नाव आलंच म्हणून समजा. चोर्ला वाईट नाही. पण गेल्या जूनपासून यंदाच्या मेपर्यंत, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवून हा सगळा पट्टा फिरल्यावर मला वाटायला लागलंय की सामान घेऊन फिरणाऱ्यासाठी इथला सगळ्यात कमी मजेचा रस्ता तोच आहे. आणि दुसरं म्हणजे, इथं मार्ग ठरवताना लोक चढ बघतात, बघायला हवा वारा.

बेळगाव पठारावर आहे आणि सह्याद्रीचा माथा पश्चिमेला जवळच. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा पिरनवाडी सोडल्यापासून जो तोंडावर बसतो तो उठायचं नाव घेत नाही. किणयेच्या पुढं उघड्या शेतात तर दोन पिशव्यांची सायकल म्हणजे शीडच होतं, तेही उलट्या दिशेचं. चढावर निदान गिअर टाकता येतो. थंडीत याच्या उलट. डिसेंबर-जानेवारीत सकाळी वारा पूर्वेकडून असतो, तोच पाठीवर घेऊन जांबोटीकडं निघायचं. म्हणून पावसात पूर्वेला आणि थंडीत पश्चिमेला, असा माझा हिशेब ठरून गेलाय. ॲपमधला उंचीचा आलेख यातलं काही सांगत नाही.

पावसाळ्यातला माझा लाडका मार्ग मार्कंडेय नदीच्या नादानं जातो. सुरुवात मात्र पश्चिमेलाच, पण थोडक्यात: बेळगुंदीवरून राकसकोप. बेळगाव शहर ज्याचं पाणी पितं तेच हे राकसकोप धरण. अंतर जेमतेम, त्यामुळं वारा अंगावर घेतला तरी चालतो. रस्ता अरुंद, गाड्या कमी, दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली तेवढ्या भेटतात. दोन्ही बाजूंना लाल मातीचे वरंबे आणि त्यांवर रताळ्याचे वेल. श्रावणात ते इतके पसरतात की माती दिसत नाही. धरणाच्या अंगानं थोडं पुढं गेलं की चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. फलक वगैरे शोधत बसू नका; डांबराचा रंग बदलला की राज्य बदललं. वैजनाथच्या डोंगराकडचा चढ इथूनच जवळ आहे. तो पिशव्या घरी ठेवून करण्यासारखा.

दुसऱ्या दिवशी तीच नदी धरून पूर्वेला. वारा आता पाठीशी. काकती मागं टाकलं की झाडी विरळ होत जाते, भाताची खाचरं संपून ऊस आणि मका सुरू होतो, आणि चहाच्या टपरीवर मराठीला उत्तर कन्नडमधून यायला लागतं. दोन-चार शब्द येत असले तर बरं, नसले तरी अडत नाही. शिरूरला या नदीवर आणखी एक धरण आहे. पुढं गोडचिनमलकीला ती दोन टप्प्यांत खाली उडी मारते आणि गोकाकच्या बाजूला घटप्रभेला मिळते. राकसकोपला निमूट साठून राहिलेलं पाणी इथं गढूळ होऊन गर्जत असतं. एका नदीची दोन रूपं सायकलवरून लागोपाठ बघायला मिळतात ती या मार्गावर. गोकाकचा धबधबा 52 मीटरचा, झुलता पूल, गर्दी, कणसं, सेल्फी. तिथं फार वेळ काढू नये असं माझं मत. कर्दंट ही इथली मिठाई घ्यावी आणि निघावं. परतीला वाऱ्याविरुद्ध सायकल मारण्यात काही पराक्रम नाही. गोकाक रोड, पाच्छापूर ही स्टेशनं बेळगाव-मिरज मार्गावर आहेत. सायकल लगेजला घेतात का, ते मात्र आधीच स्टेशनवर जाऊन विचारून ठेवा, ऐनवेळी वाद घालण्यात अर्थ नाही.

हिडकल मी मुद्दाम उन्हाळ्यासाठी राखून ठेवलं होतं. घटप्रभेवरचं हे राजा लखमगौडा धरण, क्षमता 51 टीएमसी. पावसाळ्यात भरलं की बघायला भव्य, पण सायकलवाल्याला काठाशी जाता येत नाही. मे महिन्यात पाणी ओसरतं आणि हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं. भेगाळलेल्या गाळावरून सायकल हातात धरून चालत जावं लागतं. ऊन मात्र फार बेकार. झाड म्हणून नाही. पहाटे पाचला निघून दहाच्या आत सावली गाठायची, आणि पाणी तीन लिटरपेक्षा कमी घ्यायचं नाही.

आता पश्चिम. किणये, कुसमळी, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला हा सरळ रस्ता गोव्याच्या वाहतुकीचा आहे. खड्डे आहेतच, पण त्यापेक्षा त्रास मागून येणाऱ्या ट्रकचा आणि शनिवारी पहाटे गोवा गाठायला निघालेल्या गाड्यांचा. म्हणून मी खानापूरवरून जातो. लांब पडतं, पडू दे. खानापूर ते जांबोटी हा तुकडा माझ्या मते जिल्ह्यातला सगळ्यात सुखाचा सायकल-रस्ता. चढ-उतार आहेत पण दमवणारे नाहीत, मधेच जंगल, मधेच भातशेती, एखादं कौलारू गाव, आणि बराच वेळ स्वतःच्या चेनचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता. जांबोटीत पोटभर खाऊन घ्या. पुढं मिळेल ते खायचं.

कणकुंबीला मुक्काम केलाच पाहिजे, हे मी आग्रहानं सांगतो. माउली मंदिरापाशी मलप्रभेचा उगम. ती इथून पूर्वेला जाते, कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. आणि त्याच परिसरातले कळसा नाल्यासारखे ओढे म्हादईकडं, म्हणजे अरबी समुद्राकडं वाहतात. ज्या पाण्यासाठी कर्नाटक आणि गोवा लवादापर्यंत गेले, त्याच्या कालव्याचं काँक्रीट रस्त्यावरून दिसतं. सकाळी निघून बेळगावला संध्याकाळी परत आलं की हे सगळं नुसतं बाजूनं निघून जातं. कणकुंबीत चहा पिताना एक आजोबा माझ्या सायकलीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "काय ओ, बसचं भाडं नव्हतं व्हय?" पिशव्यांत काय आहे ते सगळं विचारून घेतल्यावर त्यांनीच रात्रीच्या जेवणाची सोय कुठं होईल ते सांगितलं. नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. हॉटेलात हे मिळत नाही.

पावसाळ्यात मात्र या बाजूला टुरिंगला जाऊ नये. कणकुंबी-आमगावचा पाऊस ज्यांना माहीत आहे ते हसतील, पण दरवर्षी कुणीतरी फोटो बघून निघतंच. दरडी, धुकं, जळवा हे सोडून द्या, समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही हे खरं कारण.

सायकलीचं थोडं. लाल मातीचा चिखल ब्रेक खातो. जांबोटीच्या उतारावर करकर आवाज येऊ लागला म्हणून पॅड काढून बघितले, तर रबरात जांभ्याचे कण आणि रिमच्या ॲल्युमिनियमचा चंदेरी कीस रुतलेला. सुईनं टोकरून काढला, तेव्हा रिमला पडणारे चरे थांबले. त्यानंतर ओल्या दिवसांत दर मुक्कामाला हे करतो. डिस्क ब्रेकवाल्यांना हा त्रास कमी. टायर 38 मिलिमीटरपेक्षा बारीक नको. 28 वर जाणारे मित्र आहेत, पंक्चर काढण्यात त्यांचा हात आता चांगलाच बसलाय. मडगार्ड हवंच. चेनला पावसाळ्यासाठीचं घट्ट तेल पावसातच वापरा, उन्हाळ्यात त्याच तेलावर धूळ बसून चेनची पॉलिश पेपर होते. पिशव्यांबद्दल: माझ्या महागड्या पिशवीचा प्लॅस्टिक हुक पहिल्याच पावसाळ्यात गेला. कंपनीचं नाव घेत नाही. खानापुरात एका सायकल दुरुस्तीवाल्यानं ट्यूबची पट्टी कापून बांधून दिली, ती अजून टिकून आहे.

नंदगड-हलशीची फेरी खानापूरला मुक्काम असला की अर्ध्या दिवसात होते. नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे, 1831 मध्ये इंग्रजांनी त्याला इथंच फाशी दिलं. हलशी ही कदंबांची जुनी राजधानी. तिथल्या भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. दगडी फरशीवर दुपारी पाठ टेकायला मिळते, सायकलवाल्याला याहून जास्त काय हवं.

राहिला हेम्मडगा. खानापूर, नेरसे, हेम्मडगा, अनमोड हा रस्ता भीमगड अभयारण्यातून जातो. अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं, पण गवे आणि अस्वलं त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं आहेत. जंगल बघायचं तर हाच रस्ता, आणि नवख्यानं एकट्यानं जाऊ नये असाही हाच. उजाडल्याशिवाय निघायचं नाही, चारनंतर आत शिरायचं नाही. फोनला बराच वेळ रेंज नसते, त्यामुळं नकाशा आधी उतरवून ठेवा. ॲप कधी कधी वज्रपोहा धबधब्याकडं किंवा म्हादईकडं जाणाऱ्या पायवाटा सायकलचा रस्ता म्हणून दाखवतं. त्या वनखात्याच्या हद्दीत आहेत, परवानगी लागते, आणि नाक्यावरून परत पाठवलं तर आलेले सगळे चढ पुन्हा उतरावे लागतात. गवा रस्त्यात उभा असला तर घंटी वाजवू नका. थांबा, लांब राहा, त्याचा तो जातो. नेरसे सोडलं की दुकान नाही असं धरूनच चाला, सुटी ट्यूब आणि जेवण सोबत हवं.