घरच्या पत्त्यावर बंदुकांचं लायसन्स: टाइप ०१ की सी अँड आर?

पाडव्याच्या जेवणात एका मित्रानं मला बाजूला घेतलं. "तू ते बंदुकांचं लायसन्स घरच्या पत्त्यावर काढलं होतंस ना? मलाही काढायचंय. कुठलं काढू?" हातात श्रीखंडाची वाटी होती, पोरं पायात घुटमळत होती, त्यामुळे उत्तर अर्धवट राहिलं. ते इथे पुरं करतो.

मी टेक्ससमध्ये, ह्यूस्टनच्या एका उपनगरात राहतो. तीन वर्षं टाइप ०१ चालवलं, म्हणजे राहत्या घरातून रीतसर डीलर होतो. मुदत संपल्यावर नूतनीकरण केलं नाही. टाइप ०३ घेतलं, ज्याला सगळे सी अँड आर म्हणतात ('क्युरिओज अँड रेलिक्स', म्हणजे जुन्या, संग्राह्य हत्यारांचं). दोन्ही लायसन्स एटीएफच (दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं बघणारं केंद्रीय खातं) देतं, दोन्ही घरच्या पत्त्यावर मिळतात, त्यामुळे लोक त्यांना थोरलं-धाकटं भावंड समजतात. माझ्या मते त्यांचं नातं तेवढं जवळचं नाही. एक धंद्याचं आहे, दुसरं छंदाचं, आणि मधल्या रेषेवर एटीएफचा डोळा असतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. एच-१बीवर असाल तर थांबा. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला हत्यार जवळ बाळगायलाच केंद्रीय कायद्यानं मनाई आहे, लायसन्स तर लांबच. ग्रीन कार्ड आलं की बोलू. आणि न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात असाल तर तिथे राज्याचे स्वतःचे नियम वर चढतात. माझा अनुभव टेक्ससचा, तो तिथे जसाच्या तसा लावू नका.

पैशात फरक आहे, पण निर्णय पैशावर करू नये असं मला वाटतं. टाइप ०१ ला पहिल्या तीन वर्षांचे २०० डॉलर, पुढे दर तीन वर्षांनी ९०. सी अँड आरला तीन वर्षांचे ३०. एकेकाळी डीलरचं लायसन्ससुद्धा वर्षाला १० डॉलरमध्ये मिळायचं. १९९३ च्या ब्रॅडी कायद्यानं फी वाढवली, १९९४ च्या कायद्यानं फोटो आणि बोटांचे ठसे आणले, स्थानिक नियम पाळण्याची अट घातली, आणि अडीच लाखांहून जास्त असलेले लायसन्सधारक त्या दशकात निम्म्याच्या खाली आले. जे गेले त्यात बहुतेक स्वयंपाकघरातल्या टेबलावरून धंदा करणारेच होते. आजही घरून टाइप ०१ मिळतं, फक्त एटीएफला तुम्ही खरोखर धंदा करणार आहात असं दिसावं लागतं. स्वतःसाठी स्वस्तात पिस्तुलं घ्यायची म्हणून अर्ज केलात, तर मुलाखतीला येणाऱ्या इन्स्पेक्टरला ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

माझ्याकडे आलेल्या इन्स्पेक्टर बाई अतिशय सभ्य होत्या. डायनिंग टेबलावर बसून दोन तास एकेक कलम समजावून सांगितलं, चहा मात्र घेतला नाही. गावाचं झोनिंग, म्हणजे कुठल्या जागेत काय चालतं याचे नियम, काय म्हणतं, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. आमच्या गावात घरगुती धंद्याला पाटी न लावण्याच्या अटीवर परवानगी आहे, त्याचं पत्र मी आधीच आणून ठेवलं होतं. हे तुम्हीही अर्जाआधी करा. एचओएचे, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीचे, नियम हा कायदा नव्हे, पण अध्यक्ष शेजारीच राहत असेल तर तो कायद्याहून जड पडतो. अर्ज नीट भरलेला असेल तर एटीएफनं ६० दिवसांत निकाल द्यायचा असतो. माझा मुदतीत आला. सी अँड आरच्या वेळी यातलं काहीच नव्हतं: ठसे नाहीत, फोटो नाही, मुलाखत नाही. फॉर्म, चेक आणि स्थानिक पोलीसप्रमुखांना एक प्रत.

आता कमाई. घरच्या डीलरचं पोट विक्रीवर भरत नाही, ट्रान्सफरवर भरतं. कोणीतरी इंटरनेटवर दुसऱ्या राज्यातून बंदूक घेतो, ती माझ्या पत्त्यावर येते, मी ती बाउंड बुकमध्ये, म्हणजे आवक-जावकीच्या वहीत, चढवतो, तो माणूस येऊन खरेदीदाराचा फॉर्म ४४७३ भरतो, मी एफबीआयच्या नीक्सकडे (खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणारी यंत्रणा) चौकशी करतो, होकार आला की बंदूक त्याच्या हातात. मी याचे २५ डॉलर घ्यायचो. सगळं सुरळीत गेलं तर अर्धा-पाऊण तास. होकाराऐवजी 'डिलेड' आलं की वाट पाहायची, आणि तीन कामाचे दिवस उत्तर नाही आलं तर बंदूक द्यायची की नाही हे कायदा तुमच्यावर सोडतो. मी एकदाही दिली नाही, त्यावरून दोघांचे दोन शब्द ऐकून घेतले. घाऊक दरात नवा माल मिळतो हे खरं, पण काही घाऊक विक्रेते दुकानाच्या दर्शनी भागाचा फोटो मागतात. माझ्या दर्शनी भागात तुळशीवृंदावन होतं.

हे सगळं मी सहन केलं असतं. आकडेमोडीची मला आवड आहे, वही नीट ठेवायला मजाही येते. वर्षातून एकदा वॉरंटशिवाय तपासणीला येण्याचा त्यांना हक्क आहे, त्याचीही धास्ती नव्हती. माझं बिनसलं ते दारावरच्या बेलवरून.

टाइप ०१ च्या लायसन्सधारकांची यादी एटीएफ दर महिन्याला प्रसिद्ध करतं, पत्त्यासकट. दुकान असेल तर ती फुकटची जाहिरात. घर असेल तर तुमच्या घराचा पत्ता नकाशावर लाल टिकली होऊन बसतो. अर्जात मी कामाची वेळ लिहिली होती: शनिवार, सकाळी १० ते दुपारी २. लोक मंगळवारी रात्री आठला यायचे. कोणी गोळ्या आहेत का विचारायला, कोणी नुसतंच बघायला. वाईट कोणीच नव्हतं. पण वरणाला फोडणी देताना बेल वाजली की बायको माझ्याकडे ज्या नजरेनं बघायची, तिचा फॉर्म कुठल्याच कार्यालयात मिळत नाही.

आणि मग २०२२ सालचा तो रविवार. मी कामानिमित्त डॅलसला गेलो होतो, बायको पोरीला घेऊन पोहायच्या वर्गाला. घरी एकटी आई, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली. बेल वाजली, दारात साठीचे एक गृहस्थ, हातात लांब पेटी. आईला इंग्रजी बेताचं, त्यांना मराठी शून्य. आईनं त्यांना बसवलं, पाणी दिलं, बेसनाचा लाडू दिला. त्यांनी लाडू खाल्ला, आभार मानले, पेटी सोफ्यावर ठेवली, माझं नाव दोनदा घेतलं आणि निघून गेले. त्यांना ती रायफल माझ्यामार्फत विकायची होती. आधीच्या आठवड्यात फोनवर बोलणं झालं होतं, शनिवारी या म्हणालो होतो. त्यांना शनिवार जमला नाही.

आईला वाटलं, काहीतरी वाद्य असेल. माझ्या खोलीला कुलूप, म्हणून तिनं पेटी स्टोअररूममध्ये तांदळाच्या पोत्यामागे उभी करून ठेवली, आणि मला सांगायला विसरली. बुधवारी मी परत आलो, तेव्हा जेवताना म्हणाली, "अरे, तुझे एक साहेब येऊन गेले. फार गोड बोलत होते."

बंदूक ताब्यात आली की लगेच पुढच्या कामाच्या दिवसाअखेर वहीत नोंद हवी. रविवारी आली, म्हणजे सोमवार संपायच्या आत. मी बुधवारी रात्री लिहिलं. त्याहून वाईट म्हणजे आई व्हिजिटर व्हिसावर होती. तात्पुरत्या व्हिसाबद्दल वर जे लिहिलं ते तिलाही लागू, आणि तीन दिवस एक रायफल तिच्या तांदळाच्या पोत्याला टेकून उभी होती. मी वहीत खरी तारीख लिहिली, खाली काय झालं त्याची टीप जोडली, आणि पुढच्या तपासणीत स्वतःच दाखवलं. इन्स्पेक्टरनं उल्लंघनाची नोंद केली, समजुतीनं घेतलं, प्रकरण तिथेच मिटलं. पण तो काळ कडक होता. २०२१ पासून एटीएफनं लायसन्स रद्द करण्याचं धोरण ताठर केलं होतं, ते २०२५ मध्ये मागे घेतलं गेलं. मधले दोन-तीन महिने मला झोप नीट लागली नाही हे कबूल करतो.

कोणी म्हणेल, यात लायसन्सचा काय दोष? घरच्यांना सांगून ठेवायचं, दारावर कॅमेरा बसवायचा. असेलही. माझ्या ओळखीचा एक जण गॅरेजला वेगळं दार काढून पंधरा वर्षं मजेत धंदा करतोय. पण त्याच्याकडे सांगलीहून कोणी येत नाही. दुकानात काउंटरवर कोण उभं राहणार ते मालक ठरवतो, घरात मात्र जो दाराजवळ असेल तोच काउंटर.

सी अँड आरमध्ये गिऱ्हाईकच नाही. टाइप ०३ त्या प्रसिद्ध यादीतही नसतं. तयार होऊन ५० वर्षं झालेलं आणि मूळ रूपात असलेलं हत्यार, किंवा संग्राह्य म्हणून मान्यता मिळालेलं, दुसऱ्या राज्यातून थेट मागवता येतं. १८९८ किंवा त्याआधी बनलेल्याला तर या कायद्यात बंदूकच धरत नाहीत. वही इथेही आहे, नोंदीची मुदत तीच, विकलं तर सात दिवसांत लिहायचं, घेणाऱ्याची जन्मतारीख आणि ओळखपत्र टिपायचं. फॉर्म ४४७३ मात्र नाही. तपासणी झालीच तर ती एटीएफच्या जवळच्या कार्यालयात करून घ्यायची मुभा आहे, घरी कोणी यायला हवंच असं नाही.

माझं पहिलं पार्सल होतं इशापूरची २ए१. लायसन्सची सही केलेली प्रत ओहायोतल्या एका विक्रेत्याला पाठवली, आठवड्यात रायफल आली. कागद सोडवले तर जुन्या जवसाच्या तेलाचा आणि ग्रीसचा वास. बोल्टच्या मागच्या लोखंडी कड्यावर ठसा: आरएफआय, १९६७. बंगालमधल्या इशापूर रायफल फॅक्टरीत बनलेली, ७.६२ ची गोळी, १२ गोळ्यांचं मॅगझिन. तिचा आधीचा अवतार म्हणजे पॉइंट थ्री-नॉट-थ्री एनफिल्ड. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत तीच घेऊन चालले. लहानपणी ते आजीचं लाटणं खांद्याला लावून दाखवायचे: बोल्टची मूठ अंगठा आणि तर्जनीत धरायची, ती सोडायचीच नाही, आणि चाप मधल्या बोटानं ओढायचा. मला ती थाप वाटायची. रिकाम्या रायफलवर गॅरेजमध्ये करून पाहिलं. जमतं.

सी अँड आरच्या उणिवाही सांगतो, नाहीतर मित्र म्हणेल एकतर्फी बोलला. नवं ग्लॉक पिस्तूल यावर येत नाही, त्यासाठी कुठल्यातरी टाइप ०१ वाल्याकडेच जावं लागतं, आणि आता २५ डॉलर मी देतो. नफ्यासाठी घेऊन विकणं चालत नाही. संग्रह सुधारायला एखादी काढून दुसरी आणणं ठीक, पण महिन्याला चार येतात आणि चार जातात असं दिसलं की तुम्ही विनापरवाना डीलर ठरू शकता, आणि २०२२ च्या कायद्यानं ती व्याख्या आणखी रुंद केली आहे. पार्सल घ्यायला सज्ञान माणसाची सही लागतेच, म्हणून मी ते कुरिअरच्या डेपोत थांबवून स्वतः उचलून आणतो. आईच्या हाती पुन्हा पेटी नको.

तेव्हा मित्रा, तुला खरंच धंदा करायचा असेल, घराला वेगळं दार असेल आणि दाराशी येणाऱ्यांचा कंटाळा नसेल, तर टाइप ०१ घे. झोनिंगचं पत्र आधी आण, टेक्ससचं सेल्स टॅक्स परमिट फुकट मिळतं तेही काढून ठेव, आणि घराच्या विमावाल्याला सांगायला विसरू नकोस. पण तू मागच्या वेळी जवळजवळ तासभर जुन्या एनफिल्डबद्दलच बोललास, नव्या पिस्तुलांचं नावही काढलं नाहीस. त्यावरून मला तरी वाटतं, तुला तीस डॉलरवालंच शोभेल. ते घेऊन वर्षभर बघ. वर जायचं तर रस्ता मोकळा आहे. खाली उतरताना मात्र फॉर्म, वह्या, सगळं खोक्यात भरून ३० दिवसांत वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला पाठवावं लागतं. माझं एकच खोकं झालं, तरी पोस्टात रांगेत उभं राहताना तीन वर्षं हातात जड लागली.

जुन्या याद्या उचलून ठेवणाऱ्या साइट्सवर माझा पत्ता अजून आहे. दोनेक महिन्यांनी कोणीतरी बेल वाजवतंच. आई यंदाही आली आहे. बेल वाजली की ती आता दाराकडे जात नाही, स्वयंपाकघरातून ओरडते, "बघ रे, तुझे साहेब आले."