कानाच्या मशीनवाल्याने पाहिलेला ‘अ क्वाएट प्लेस : भाग दोन’

मिरजेत माझं कानाच्या मशीनचं दुकान आहे. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात तपासणीची आवाजबंद केबिन, आणि काउंटरवर बॅटऱ्यांच्या पाकिटांची माळ. सव्वीस वर्षं लोकांच्या कानांची मापं घेतोय, त्यामुळे सिनेमात कुणाच्या कानाला मशीन दिसलं की माझी कथेवरची नजर उडते. मायक्रोफोन कुठल्या बाजूला आहे, वायर कुठून आली, बॅटरी कोणती, हेच बघत बसतो. बायको म्हणते, तुमच्यासोबत सिनेमा बघणं म्हणजे दुकानात बसणं.

हा सिनेमा मी आधी एकट्याने पाहिला होता आणि तेव्हा मला तो ‘ठीक’ वाटला होता. परवाच्या रविवारी भाचीबरोबर परत पाहिला. भाची चौदा वर्षांची, तिसऱ्या वर्षी कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात ऑपरेशन करून बसवायचं ऐकण्याचं यंत्र, झालेलं. तिच्या शेजारी बसून बघितल्यावर माझं मत बदललं, म्हणून हे लिहायला घेतलं. पुढे कथा फुटणार आहे, ज्यांना चालत नसेल त्यांनी आधी सिनेमा बघून यावा.

पहिला भाग २०१८चा. आकाशातून कसले तरी प्राणी येतात. त्यांना डोळे नाहीत, पण कान असे की मैलभरावर पडलेला चमचाही ऐकू जावा. आवाज केला की तुम्ही संपलात. यात अ‍ॅबट नावाचं कुटुंब तग धरून राहतं, आणि त्याला एक साधं कारण आहे. मोठी मुलगी रीगन कर्णबधिर आहे, त्यामुळे त्या घराला हातांनी बोलायची सवय आधीपासूनच आहे. पहिल्या भागाच्या शेवटी बाप मरतो. रीगनच्या इम्प्लांटमधून निघणाऱ्या कर्कश शिट्टीने ते प्राणी कळवळतात, हे तेव्हाच कळतं. दुसरा भाग तिथूनच पुढे चालू होतो. आई, दोन मुलं आणि नुकतंच जन्मलेलं तान्हं बाळ घर सोडून निघतात. पायांचा आवाज होऊ नये म्हणून बापाने वाटेवर वाळू पसरून ठेवलेली असते. ती वाळू एका जागी संपते आणि पुढे वाळलेली पानं पडलेली. आई अनवाणी पाऊल उचलते आणि क्षणभर ते हवेतच राहतं. मला पूर्ण सिनेमात सगळ्यात जास्त भीती इथे वाटली. प्राणी नंतर भरपूर दिसतात, त्यांची इतकी नाही वाटली.

त्याच्याही आधी मात्र दिग्दर्शक जॉन क्रासिन्स्की आपल्याला मागे, पहिल्या दिवशी घेऊन जातो. छोटं गाव, मुलांची बेसबॉलची मॅच, आभाळात काहीतरी जळत खाली येताना दिसतं आणि सगळे गाड्यांकडे पळतात. आईचं काम करणारी एमिली ब्लंट पोरांना गाडीत घालून निघते, समोरून बस अंगावर येते आणि ती रिव्हर्समध्ये गाडी पळवत सुटते. दृश्य मध्ये न तोडता दाखवलंय. आम्ही दोघंही सोफ्याच्या कडेला आलो होतो. पण भाचीने माझा हात धरला तो इथे नाही, थोडं पुढे. बाप रीगनला घेऊन पळत असतो, भोवती काचा फुटताहेत, माणसं ओरडताहेत, आणि चित्र रीगनवर येताच सगळा आवाज बंद. पूर्ण बंद. तिच्या मागे काय चाललंय ते आपल्याला दिसतं, तिला नाही, आणि ऐकू येण्याचा तर प्रश्नच नाही. भाची म्हणाली, “मामा, हे असंच असतं. कॉइल पडली ना, की मागचं जगच जातं.” कॉइल म्हणजे इम्प्लांटचा डोक्याला बाहेरून चिकटणारा भाग.

मी दुकानात रोज लोकांना सांगतो की कमी ऐकू येणं म्हणजे फक्त आवाज बारीक होणं नव्हे. कुणाला पटत नाही. यापुढे हा प्रसंग दाखवेन म्हणतो.

तिने आणखी एक गोष्ट दाखवून दिली, जी मला सव्वीस वर्षांत सुचली नव्हती. ती म्हणाली, या मुलीला सगळ्यात मोठा धोका तिच्याच पायांचा आहे, कारण आपल्या पायांचा आवाज किती होतो ते तिला कळत नाही. आमच्या घरी ताई दिवसातून दहा वेळा हिला ओरडते, भांडी हळू ठेव, दार आपटू नकोस, चपला घासू नकोस. ही मुद्दाम करत नाही. प्रोसेसर, म्हणजे इम्प्लांटचं कानावर लावायचं यंत्र, काढलेला असताना तिच्या लेखी दार आपटलेलंच नसतं. आता अशी मुलगी आवाजावर झडप घालणाऱ्या जनावरांच्या मुलखात एकटी चालत निघाली आहे, असं समजून तो आगगाडीचा प्रसंग बघा. रुळांवरून घसरलेल्या डब्यांमधून ती एकटीच फिरते, तो.

रीगनचं काम करणारी मिलिसेंट सिमंड्स स्वतः कर्णबधिर आहे. ऐकू येणाऱ्या नटीला असं काम दिलं की ती मागून हाक आल्यावर मान वळवत नाही हे खरं, पण डोळ्यांत ‘मी वळत नाहीये’ असं दिसत राहतं. इथे तसं काही नाही. पाचव्या मिनिटाला भाचीने निकाल दिला, “ही खरी आहे.” खुणा मात्र तिला कळल्या नाहीत, सबटायटलच वाचावं लागलं. त्यांची अमेरिकन खुणांची भाषा वेगळी आणि आपली वेगळी. त्यांची मुळाक्षरं एका हाताने होतात, आपल्याकडे शिकवतात ती दोन हातांनी.

आता एमेट. किलियन मर्फीने केलेलं हे पात्र म्हणजे कुटुंबाचा जुना ओळखीचा माणूस, बायकामुलं गमावून एका बंद पडलेल्या पोलादाच्या कारखान्यात लपून बसलेला. रीगन समुद्राकडे निघते (का, ते पुढे सांगतो) आणि आई याला तिच्या मागे पाठवते. याला खुणा येत नाहीत. शिवाय दाढी वाढलेली आणि बोलणं दाढीतल्या दाढीत पुटपुटल्यासारखं. ती त्याला थांबवते आणि तोंड उघडून नीट बोलायला लावते. मी टीव्हीसमोर टाळी वाजवली. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक आजोबांची तक्रार हीच असते की मशीन घेतलं पण सुनेचं बोलणं कळत नाही, आणि सून बोलते स्वयंपाकघरातून, पाठमोरी, मिक्सर चालू ठेवून. मशीन काय करणार?

या सिनेमाचं नशीब पण असं, की न्यूयॉर्कमध्ये पहिला खेळ झाला ८ मार्च २०२०ला, २० मार्चला तो सगळीकडे लागणार होता, आणि मधल्या दिवसांत जग बंद झालं. तो शेवटी २८ मे २०२१ला अमेरिकेत लागला. त्या सव्वा वर्षात माझ्या दुकानात काय चाललं होतं ते सांगतो. ओठ वाचून निभावणारी माणसं मास्क आल्यावर एका रात्रीत ठार बहिरी झाली. बँकेत कळेना, डॉक्टरांचं कळेना. मी चेहऱ्यावर पारदर्शक शिल्ड लावून बसायचो, तर लोक नुसते माझे ओठ बघायला थांबायचे. एमेटच्या दाढीचा तो प्रसंग पडद्यावर मिनिटभराचा असेल, मला मात्र त्यात ते सगळं वर्ष दिसलं.

पहिल्या दिवशी मॅचच्या वेळी एमेट रीगनकडून ‘सूर मार’ची खूण सहज विचारून घेतो. पुढे बोटींच्या धक्क्यावर दोघं वाईट माणसांच्या तावडीत सापडतात तेव्हा त्याला तीच खूण आठवते. भाषेतला एकच शब्द येणाऱ्या माणसाने नेमका योग्य वेळी तो वापरला. लेखकाने केलेली पेरणी दिसते, पण आवडली.

आता माझ्या धंद्याची तक्रार. कॉक्लियर इम्प्लांट शिट्टी मारत नाही. शिट्टी मारतं ते साधं कानाचं मशीन. त्यात मायक्रोफोन असतो आणि आवाज कानात सोडणारा छोटा स्पीकर असतो. कानात बसणारा मोल्ड (साचा) सैल झाला किंवा कानात मळ साठला की स्पीकरचा आवाज बाहेर गळतो, मायक्रोफोन तो परत उचलतो, मशीन तो परत वाढवतं, आणि असं फिरत फिरत कुंईऽऽ सुरू होतं. लग्नाच्या हॉलमध्ये माईकवाला करतो ते हेच. इम्प्लांटमध्ये मुळात स्पीकरच नाही. बाहेरचा प्रोसेसर आवाजाचे सिग्नल करतो, लोहचुंबकाने चिकटलेली कॉइल ते कातडीपलीकडे पाठवते आणि आत शंखाकृती भागात सरकवलेली तार थेट नसेला विजेचे टिचके देते. आवाज बाहेर येतच नाही, तर गळणार कुठून? पहिल्या भागात बाप त्या मशीनला स्टिरिओचे भाग जोडत बसलेला दाखवलाय, म्हणून मी गप्प बसतो. आणि या भागात रीगन ते यंत्र माईकजवळ धरून स्पीकरवरून आवाज सोडते, तिथे तर माईक आणि स्पीकर दोन्ही समोरच आहेत. बरं, चालवून घेऊ.

बॅटरीचं मात्र चालवून घेणार नाही. गोष्ट घडते तो दिवस संकटाचा ४७४वा. प्रोसेसरला झिंक-एअरच्या बॅटऱ्या लागतात, त्या दोन-तीन दिवसांत उतरतात. त्यांच्यावरचा हवा अडवणारा स्टिकर एकदा काढला की वापरा नाहीतर ठेवून द्या, त्या मरायला लागतातच. चार्ज होणाऱ्या असतील तर रोज वीज हवी. शेतावरच्या घरात वीज होती म्हणा, पण वाटेत? गाडीतून फिरतीवर निघालेला माझा एखादा गिऱ्हाईकसुद्धा बॅटरी विसरल्याचा फोन कराडातून करतो. सव्वा वर्षाहून जास्त जगाला आग लागलेली असताना हिच्याकडे बॅटरी कुठून आली, याचं एका वाक्यात उत्तर दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

प्राण्यांचा कान मात्र लेखकांनी नीट विचार करून बनवला आहे. डोक्यावरच्या कवचाच्या पाकळ्या उघडतात, आत ओला, थरथरणारा कानच कान. जास्त ऐकायचं तर कवच उघडावं लागतं, आणि उघडलं की गोळी लागते. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी लोकांचं असंच असतं. हळू बोललं तर ऐकू येत नाही, मोठ्याने बोललं की “ओरडताय कशाला” म्हणून कान झाकतात. ऐकू येण्याची आणि सोसण्याची पट्टी इतकी अरुंद झालेली असते. राक्षसाला माझ्या एखाद्या गिऱ्हाइकाची व्याधी असेल असं वाटलं नव्हतं.

रेडिओवर एकच गाणं दिवसरात्र वाजत असतं, बॉबी डॅरिनचं १९५९चं ‘बियाँड द सी’. ऐकू येणाऱ्या भावाला ते नुसतं गाणं वाटतं. शब्दांवरून रीगनच ओळखते की हा कुणीतरी दिलेला पत्ता आहे, समुद्रापलीकडे माणसं आहेत. हे मला फार पटलं. इम्प्लांट बोलणं कळावं म्हणून बनवलंय, सुरांसाठी नाही. आत बारा ते बावीस विजेची टोकं, आणि धडधाकट कानात हजारो केसपेशी. सूर त्यातून चुरगळतो, शब्द उरतात. भाचीचं घर सतारमेकरांच्या गल्लीजवळ आहे. लहानपणी ती तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तळहात ठेवून बसायची, आता विचारलं तर म्हणते, “हातात चांगला लागतो, मशीनमध्ये खडखड.”

बाकीचं पटकन सांगतो. भाऊ मार्कसचा पाय सापळ्यात अडकतो आणि नोआ ज्यूप असा किंचाळतो की आमच्या शेजाऱ्यांनी दिवा लावला. बाळाला ऑक्सिजनच्या नळकांड्यासह पेटीत ठेवलेलं असतं, ते लपतात त्या कारखान्याच्या भट्टीचं झाकण लागलं की आतली हवा संपत जाते, आई औषधं आणि ऑक्सिजन आणायला बाहेर पडलेली असते. हे तिन्हीकडचं एकदम चाललेलं मस्त जमलंय. धक्क्यावरचे ते लुटारू मात्र कुठल्याही सिनेमातून उचलून आणल्यासारखे. बेटावर जायमन हुन्सूसारखा नट आणला आणि त्याच्या पात्राला नावसुद्धा दिलं नाही, काही मिनिटांत तो संपला. आईलाही पहिल्या भागाइतकं काम उरलेलं नाही. पण ते मला चालेल, कारण पहिल्या भागात सगळे जिला जपत होते, ती रीगनच या भागात सगळ्यांना जपायला बाहेर पडते.

बघणार असाल तर पंखा बंद करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आमच्याकडे नेमक्या शांत प्रसंगात खालच्या मजल्यावर कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि ताई आपोआप “गॅस बंद करा” म्हणाली. मशीन लावणाऱ्यांनी सबटायटल चालू ठेवावं. भाचीने मधली दहा मिनिटं कॉइल काढून बघितली, म्हणाली फार फरक नाही. मला वाटतं दिग्दर्शकासाठी यापेक्षा मोठी पावती नसेल.

सत्त्याण्णव मिनिटांत सिनेमा संपतो, आणि संपतो म्हणजे चालता चालता पडदा काळा होतो. भाची रिमोट घेऊन उठली, “नेट गेलं का?” मी सांगितलं, संपला. मग पुढचा भाग लाव म्हणाली. २०२४ला एक आलाय, पण तो परत पहिल्या दिवसाचा आहे आणि त्यात ही मुलगी नाही, असं म्हटल्यावर तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू तो मीच काढला होता. मी समजावून सांगायला लागलो, तर तिने शांतपणे कॉइल काढली, डबीत ठेवली आणि झोपायला गेली.