सांगलीतल्या विश्रामबागच्या समुपदेशक मॅडमकडची सहा सेशन्स, माझा अनुभव (४ स्टार)

आधीच सांगते, मी इथे गेले ती तक्रार करायला गेले होते. घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली, मी सांगलीत, ते साताऱ्यात, मुलगा नऊ वर्षांचा, माझ्याकडे असतो आणि दर दुसऱ्या शनिवारी वडिलांकडे जातो. कराड दोघांनाही मधलं पडतं म्हणून एसटी स्टँडवर भेटायचं, बॅग द्यायची, पोराला द्यायचं आणि तोंड फिरवून निघायचं, असं दीड वर्ष चाललं. मग पोरगं दर शुक्रवारी रात्री पोटात दुखतंय म्हणून रडायला लागलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही, त्यांनीच म्हणलं की एकदा दोघं समुपदेशनाला जा.

मॅडमनी पहिल्या सेशनला आधी एकच गोष्ट नीट विचारली, मारहाण, धमकी, पैशांची अडवणूक असलं काही होतं का. मी नाही म्हणल्यावर पुढे गेल्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं की असं काही असेल तर त्यांचा हा एकमेकांचं चांगलं बोलून दाखवायचा उपाय तिथे लावायचाच नाही, तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ हेल्पलाइन आहे. हे त्यांनी आधी बोलून दाखवलं म्हणून माझा विश्वास बसला.

मग म्हणाल्या, मुलाच्या वडिलांनी तुमच्यासाठी केलेल्या तीन गोष्टी लिहा. मी वीस मिनिटं कोरा कागद घेऊन बसले, खरंच. आणि एकदम आठवलं, २०१९ च्या पुरात माझ्या माहेरी गावभागात घरात पाणी शिरलं होतं, पाणी ओसरल्यावर हा माणूस चार दिवस रजा टाकून आला आणि आमच्या दादांच्या बरोबरीनं घरातला गाळ उपसला. त्यावर आम्ही नंतर कधी एक शब्द बोललो नव्हतो. लिहिताना मला रडू आलं.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक भेटीनंतर मुलासाठी त्यांनी केलेल्या एकाच नेमक्या गोष्टीबद्दल मेसेज करायचा. मी पहिला ड्राफ्ट दाखवला, ‘थँक्यू, निदान या वेळी तरी वेळेवर आलात.’ मॅडमनी पेन घेतलं आणि ‘निदान’, ‘या वेळी’, ‘तरी’ हे तिन्ही खोडले, म्हणाल्या हे आभार नाहीत, हा टोमणा आहे. बरोबरच होतं. आणि मला धन्यवाद वगैरे लिहायला फार जड जात होतं, आपल्याकडे घरच्या माणसाला कोण आभार मानतं, तो शब्द सभेच्या शेवटी ऐकायचा. तेव्हा त्या म्हणाल्या, मग ‘बरं झालं’ म्हणा की. ‘बरं झालं तुम्ही त्याचं गणित करून घेतलंत.’ ‘बरं झालं स्वेटर दिलात, इकडे पाऊस होता.’ हे माझ्या तोंडात बसलं. उत्तराची वाट बघायची नाही हा दुसरा नियम, आणि तो सगळ्यात अवघड. पाच मेसेजना नुसता अंगठा आला. सहाव्याला आलं, ‘बरं झालं भडंग दिलंत, आईला आवडलं.’ सासूबाईंचं नाव आमच्यात दोन वर्षांत पहिल्यांदा निघालं.

मॅडमनी संशोधनाचंही सांगितलं, २००३ मध्ये एमन्स आणि मॅककलो या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना दर आठवड्याला कृतज्ञता वाटणाऱ्या गोष्टी लिहायला लावल्या, त्रासाच्या गोष्टी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना स्वतःच्या आयुष्याबद्दल जास्त बरं वाटलं. पण तो घटस्फोटितांवरचा अभ्यास नव्हता हेही त्यांनी लगेच सांगितलं. कोर्टातला पोटगीचा विषय यानं सुटत नाही, आमचाही सुटलेला नाही, तो वकिलांकडेच आहे.

एक स्टार का कापला तर रिसेप्शनवर सगळ्यांसमोर मोठ्यानं ‘घटस्फोटाची केस का?’ असं विचारतात, शेजारी माझ्या ओळखीच्या बाई बसल्या होत्या, मला फार लागलं ते. मॅडमना सांगितलंय. आणि मुलाच्या वडिलांसाठी एक सेशन ऑनलाइन ठेवलं होतं, आवाज इतका तुटत होता की अर्धा वेळ हॅलो हॅलोतच गेला. फी ८०० रुपये, सेशन पाऊण तास, शिवाय आधी चाळीस मिनिटं बाहेर बसावं लागतं हे धरून जा.

पोराचं पोट अजून कधीकधी दुखतं, पण दर शुक्रवारी नाही. मागच्या खेपेला आम्ही तिघं स्टँडवर चहाला थांबलो, दहा मिनिटं, तो मधे बसून दोघांना शाळेचं सांगत होता. दिवाळीच्या सुट्टीची वाटणी अजून ठरायची आहे आणि दरवर्षी त्यावरनंच फाटतं, म्हणून त्याआधीचं एक सेशन घेतलंय, या वेळी समोरासमोर, ते साताऱ्याहून येतो म्हणालेत.