बीएफए, नोकरी की दोन्ही? रोज चित्र काढणाऱ्यांनी ठरवताना काय बघावं

बारावी झालीय किंवा नोकरीला लागून काही वर्षं झालीत, लहानपणापासून वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढायची सवय आहे आणि आता बीएफएला, म्हणजे आर्ट कॉलेजच्या डिग्रीला, जायचं का नोकरी सांभाळून काढत राहायचं हे ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितेय. मी अप्लाइड आर्ट, म्हणजे जाहिरात-डिझाइनची शाखा, केलंय, आता पॅकेजिंग डिझाइनची नोकरी करते आणि शाळेपासूनचं स्केचबुक अजून चालू आहे, म्हणजे तिन्ही गोष्टी आतून बघितल्यात. माझं मत आधीच सांगते, ही तुलना पगार आणि डिग्रीवर करू नका, तुमच्या मनातलं चित्र काढायला कुठे वेळ उरतो त्यावर करा. डिग्री उशिरा घेता येते, पगार पुढे वाढतो, पण सुटलेली सवय परत लागायला फार जड जातं.

आधी वेळेचं. बाहेरून वाटतं की कॉलेजमध्ये दिवसभर चित्रच काढायची, मग अजून काय पाहिजे, आणि ते खरंही आहे, पण विषय कॉलेजचा, कागदाचा साइज कॉलेजचा, तारीख कॉलेजची. वस्तुचित्र, निसर्गचित्र, लेटरिंग, डिझाइनच्या शीट्स, आणि सबमिशनच्या आधीच्या आठवड्यात तर झोप पण नसते, मग स्वतःची वही कोण उघडणार. माझ्या वर्गातल्या कितीतरी जणांचं घरचं स्केचबुक पहिल्याच वर्षात बंद पडलं आणि ते चांगले काढणारे होते. नोकरीत उलटं होतं. कल्याणहून सीएसएमटीला रोज जाणाऱ्याचा फास्ट लोकलने पण एका बाजूला तासभर जातो, वर आठ-नऊ तास ऑफिस, हातात उरतो रात्रीचा अर्धा तास. पण तो अर्धा तास पूर्ण तुमचा, त्याला मार्क नाहीत आणि तारीख नाही. रोज अर्धा तास धरला तर वर्षाचे १८० तासांच्या वर होतात, हे कमी नाहीये.

हात आणि नजर तयार होण्यात मात्र कॉलेज सरळ पुढे आहे, इथे मी काहीच हातचं राखून बोलणार नाही. समोर जिवंत मॉडेल बसलंय, तासन्‌तास तीच पोझ, मागे सर येऊन उभे राहतात आणि म्हणतात खांदा बघ, वजन कुठल्या पायावर आहे ते बघ, आणि ब्रेकमध्ये तुम्ही बाकीच्यांच्या ईझलसमोरून फिरता तेव्हा कळतं की त्याच माणसाकडे प्रत्येकाने किती वेगळं बघितलंय. यूट्यूबवर पद्धत शिकता येते, पण व्हिडिओला तुमचं चित्र दिसत नाही. शिवाय एलिमेंटरी-इंटरमिजिएटला, म्हणजे शाळेतल्या ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षांना, आपल्याला जे गुळगुळीत शेडिंग आणि स्वच्छ आउटलाइन जमायला लागते ती सवय कॉलेजच मोडतं, स्टेशनवर जाऊन हलणारी माणसं भराभर काढायला लावतं, आणि तिथून हात सुटतो तो सुटतो.

नोकरीवाल्यांना यातलं थोडं मिळवता येतं. अर्बन स्केचर्स म्हणून जी चळवळ आहे, गॅब्रिएल कॅम्पानारियो यांनी २००७ मध्ये सिएटलहून सुरू केलेली, तिचे ग्रुप मुंबईत आणि पुण्यात पण आहेत, जागेवर बसून काढायचं एवढाच नियम. जा नक्की. फक्त तिथे सगळे कौतुक करतात, चूक कोण दाखवत नाही, ती दाखवणारं एक मोठं माणूस वेगळं शोधावं लागतं आणि त्यांच्याकडे नेमाने वह्या घेऊन जावं लागतं.

आता नोकरी कुठली हा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि जो लोक विचारतच नाहीत. चित्रकार प्रभाकर बरवे १९५९ ला मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधून डिप्लोमा घेऊन बाहेर पडले आणि मग वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये लागले, म्हणजे कापडाच्या डिझाइनची सरकारी नोकरी. बनारसला पोस्टिंग होतं तिथे तांत्रिक चित्रपरंपरेशी ओळख झाली आणि ती थेट त्यांच्या चित्रांत आली, आणि एवढं सगळं चालू असताना डायऱ्यांमध्ये टिपणं-स्केचेस चालूच. दुसरीकडे चित्रकार सुधीर पटवर्धन, पुण्याच्या एएफएमसी या लष्करी मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाले, १९७५ पासून २००५ पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं, आर्ट कॉलेज केलंच नाही, आणि ठाण्याची वस्ती, लोकल, कामगार माणसं ज्या ताकदीने त्यांनी रंगवली तशी फार कमी लोकांनी रंगवली असतील. एकाची नोकरी चित्राच्या जवळची, दुसऱ्याची चित्राशी काहीही संबंध नसलेली, आणि दोघांचं चित्र टिकलं. म्हणून कलेच्याच क्षेत्रात नोकरी पाहिजे हा हट्ट मला पटत नाही. मी दिवसभर स्क्रीनवर लेबलं करते, संध्याकाळी डोळे आणि डोकं दोन्ही दमलेलं असतं, माझी बँकेतली मैत्रीण मात्र ताज्या डोळ्यांनी कागदाला बसते. ज्यांचं काम डोळ्यांचं आहे त्यांनी स्वतःचं चित्र सकाळी काढावं.

व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचं उदाहरण सगळे देतात की जेजेने नाकारलं तरी बघा केवढे झाले. पण मधला भाग कोणी सांगत नाही. त्यांनी मैसूरला बीए केलं आणि त्याच काळात मोठ्या भावाच्या, आर. के. नारायण यांच्या, ‘द हिंदू’ या वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या कथांना चित्रं काढत होते. अ‍ॅडमिशन हुकली त्या वर्षीही हात थांबला नव्हता.

दोन्ही एकत्र करायचं असेल तर खरी नोकरी कॉलेजबरोबर जवळजवळ अशक्य, वर्ग दिवसाचे असतात. जमतं ते म्हणजे संध्याकाळी मुलांचे ग्रेड परीक्षेचे क्लास घेणं, दिवाळी अंकाची रेखाटनं, छोटे लोगो. पैशाचं थोडक्यात, सरकारी आणि खासगी कॉलेजच्या फीमध्ये खूप फरक आहे, पण रंग, कॅनव्हास, माउंट, प्रिंट याचा खर्च दोन्हीकडे तेवढाच आणि घरचे तो धरतच नाहीत.

तर अठराव्या वर्षी असाल, घरची तयारी असेल आणि सीईटीत सरकारी कॉलेज मिळत असेल तर जा, मी दुसरं काही सांगणार नाही. पेंटिंगमध्ये ड्रॉइंगला जास्त वेळ मिळतो, अप्लाइडमध्ये काम लवकर मिळतं पण लवकरच कॉम्प्युटर सुरू होतो. तिशीला आला असाल, घराचा हप्ता चालू असेल तर राजीनामा देऊ नका, अर्धा तास आणि रविवार पक्का करा. इंजिनीअरिंग करून डिझाइनकडे वळायचं असेल तर सीड ही प्रवेश परीक्षा देऊन पवईच्या आयआयटीतल्या आयडीसीसारख्या ठिकाणी एमडेसला, म्हणजे डिझाइनच्या मास्टर्सला, जाता येतं, पण ते शिक्षण डिझाइनचं आहे, ड्रॉइंगची भूक तिथे भागेल असं धरून जाऊ नका.

आणि फॉर्म भरायच्या आधी ज्या कॉलेजचा विचार करताय तिथलं वार्षिक प्रदर्शन बघून या, भिंतीवरचं काम बघा, मग तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला गाठून विचारा की सबमिशन सोडून स्वतःची वही आहे का, आणि असेल तर ती दाखवायला सांगा.