गजकर्णाची ट्यूब: पाच महिने वापरून

ल्युलिकोनॅझोल या बुरशी मारणाऱ्या मलमाला मी सप्टेंबरात एक तारा देणार होतो. आज चार देतोय. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

जुलैमध्ये कोथरूड ते हडपसर रोज स्कूटर, वर रेनकोटची पँट. जांघेत आणि कमरेवर नाडी बसते तिथे गोल चट्टे उठले. कडा फुगीर, खवल्याखवल्यांची, मधली कातडी जवळपास साफ. आत्या लांबूनच म्हणाली, "गजकर्ण आहे रे." मेडिकलवाल्याने काही न विचारता एक स्वस्त ट्यूब हातावर ठेवली. दोन दिवसांत खाज गायब! तेव्हा कोणी विचारलं असतं तर पाच तारे त्या ट्यूबला दिले असते.

लावणं थांबवलं आणि आठवड्यात दुप्पट परतलं. या वेळी गोल आकारही नाही, नुसता लालसर पसारा. टिळक रोडच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मला चष्मा लावून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला लावली: क्लोबेटासोल. म्हणजे स्टिरॉइड. खाज दबते, बुरशीला मात्र मोकळं रान. सरकारने 2018 मध्ये आणखी 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण काउंटरवर चिठ्ठी मागतो कोण? जांघेत कातडी पातळ होऊन रेघा पडल्यात, त्या आता माझ्याच.

बाईंनी चट्ट्याची कड ब्लेडने खरवडली, काचेवर औषधाचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे मलाच दाखवले. इसब असतं तर धागे दिसले नसते, म्हणाल्या. मग इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल, भरल्या पोटी. मी रोज सकाळी पित्ताची गोळी घेतो हे कळल्यावर ती बंद करवली, कारण पोटात आम्ल कमी असलं की ही कॅप्सूल नीट शोषली जात नाही. आणि लावायला ल्युलिकोनॅझोल, 10 ग्रॅम.

आता त्या 10 ग्रॅमबद्दल. पुढच्या खेपेला बाईंनी विचारलं, "ट्यूब कितवी?"

"पहिलीच," मी अभिमानाने. दीड महिना पुरवली होती.

त्यांनी स्वतःच्या तर्जनीवर टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ ओढली. एवढं म्हणजे अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला. माझे चट्टे आणि कडेबाहेरची दोन-दोन सेंटिमीटर धरून चार तळवे. म्हणजे दिवसाला एक ग्रॅम, ट्यूब दहा दिवसांत खलास. मी हरभऱ्याच्या डाळीएवढं लावून मलमाला शिव्या घालत होतो.

तिथून पुढे मापाने लावलं आणि तीन आठवड्यांत कडा बसल्या. कातडी साफ दिसल्यावरही बाईंनी आणखी दोन आठवडे लावायला लावलं. हिच्या दंडावर एक चट्टा निघाला, तिलाही औषध. टॉवेल वेगळे, आणि वाळता न वाळणारी अंतर्वस्त्रं इस्त्री मारून. विजेचं बिल धरलेलं नाही.

पण कंपन्यांनो, दिवसाला ग्रॅम लागणाऱ्या रोगाला 10 ग्रॅमची ट्यूब? तारा इथे कापला. 30 ग्रॅमची मिळते म्हणे, आमच्या गल्लीत कायम 'उद्या येईल'.

शेवटची ट्यूब पिळून पिळून सपाट झाल्यावर कात्रीने उभी चिरली. आत दोन पेरं निघाली. एक दिवस सुटला.